गणित-शंका : कॅलक्युलसचं पुस्तक कसं पारखावं?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गाइडमधली उदाहरणं पाठ होतात, पण गणित जरा बदललं की अडते. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जुनं जाडजूड पुस्तक मिळतंय. घ्यावं का?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जुनं चालेल, कॅलक्युलस शिळं होत नाही. आवृत्ती बदलली की बहुधा उदाहरणांचे क्रमांक बदलतात, एवढंच. मागची उत्तरांची पानं फाटलेली नाहीत ना, हे मात्र आधी बघा.

मग पुस्तकाची एक परीक्षा घ्या. १ भागिले क्ष वर्ग, याचं −१ ते १ इंटिग्रेशन (म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ) सूत्राने केलं तर उत्तर −२ येतं. फलन (फंक्शन) सगळीकडे धन, मग क्षेत्रफळ ऋण कसं? शून्यापाशी फलन अनंताकडे जातं, म्हणून तिथे सूत्र लागूच होत नाही. असा सापळा जे पुस्तक आकृतीसह उलगडतं, ते घ्या. गाइड इथे सहसा गप्प असतं.

वापरताना सोडवलेलं उदाहरण झाकून दहा मिनिटं स्वतः झटायचं, अडलं तर फक्त पुढची एक ओळ उघडायची. पूर्ण उत्तर वाचलं की समजल्याचा भास होतो, आणि पेपरात तोच नडतो. लिमिट शिकताना कॅलक्युलेटर जवळ असू द्या : साइन क्ष भागिले क्ष, क्ष = ०.१ ठेवून ०.९९८३ येतं, म्हणजे १ च्या अगदी जवळ. ०.०१७५ आलं, तर तो डिग्रीवर आहे; रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) आणा.