वाचकांचे प्रश्न : वैमानिकांचा ट्रेनिंग बाँड आणि जॉइनिंग बोनस

प्रश्न : कमर्शियल पायलट लायसन्स मिळाल्यावर माझा मुलगा बरेच दिवस घरी बसून होता. आता एका विमान कंपनीने त्याला सहवैमानिक म्हणून निवडले आहे. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता मिळवण्याचा, खर्च आम्हीच कर्ज काढून केला. तरीही कंपनी ५ वर्षांचा ट्रेनिंग बाँड मागते. मुदतीआधी नोकरी सोडल्यास २५ लाख रुपये भरायचे, मी जामीनदार म्हणून सही करायची आणि रक्कम व तारीख न घातलेले तीन धनादेश द्यायचे, अशा अटी आहेत. असा बाँड कायद्याने चालतो का? — एक पालक, सातारा

उत्तर : चालतो, पण कंपनीचा मनुष्यबळ विभाग सांगतो तितका नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो; मात्र नोकरीच्या मुदतीपुरते घातलेले वाजवी बंधन या कलमात बसत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या खटल्यात घेतली. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अटही न्यायालयाने वैध मानली. त्यामुळे ‘बाँड म्हणजे नुसता कागद, त्याला कोर्टात कोणी विचारत नाही’ हा जो सल्ला वैमानिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो, त्यावर विसंबून सही करू नये.

तरीही दोन गोष्टी आपल्या मुलाच्या बाजूच्या आहेत. पहिली अशी की, वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. कंपनी भरपाई मागू शकते, मुलाला कॉकपिटमध्ये बसायला भाग पाडू शकत नाही. दुसरी गोष्ट कलम ७४ ची. करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आणि न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढी रक्कम देते. आपल्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण टाइप रेटिंगचे पैसे आपण भरले असतील तर कंपनीने नेमका कशावर खर्च केला, हा प्रश्न उरतोच. लाइन ट्रेनिंग, प्रशिक्षक कॅप्टनचा वेळ आणि त्या काळातला पगार हा खर्च कंपनी दाखवू शकेल, पण त्याची बेरीज २५ लाखांपर्यंत नेणे तिला सोपे जाणार नाही. म्हणून टाइप रेटिंगच्या शुल्काच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि प्रशिक्षण संस्थेशी झालेला पत्रव्यवहार आजच एका फाइलमध्ये लावून ठेवावा. बाँडमध्ये ‘कंपनीने उमेदवाराच्या टाइप रेटिंगवर केलेला खर्च’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर ते काढून टाकण्याचा आग्रह धरावा. ज्या खर्चाची पावती आपल्याकडे आहे तो कंपनीने केला, अशी कबुली आपल्याच सहीने देऊ नये.

यानंतर मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते ते पाहावे. नवख्या सहवैमानिकाचे ग्राउंड स्कूल होते, मग सिम्युलेटर, मग विमानावर प्रत्यक्ष उड्डाण आणि अवतरण, आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रवासी घेऊन लाइन ट्रेनिंग. या सगळ्यानंतर ‘रिलीज’, म्हणजे प्रशिक्षण संपून नियमित सहवैमानिक म्हणून उडण्याची मोकळीक मिळते. सिम्युलेटरचा स्लॉट किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसला की यात महिने जातात, आणि मुदत रिलीजच्या तारखेपासून मोजायची असेल तर कंपनीमुळे झालेल्या विलंबाचा भार मुलावर पडून ५ वर्षांची प्रत्यक्षात ६ होऊ शकतात. तारीख रुजू झाल्याची असावी, निदान लाइन ट्रेनिंग सुरू झाल्याची तरी.

रक्कम काळानुसार उतरते की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. समजा मुलाने ३ वर्षे पूर्ण करून नोकरी सोडली. बाँड प्रमाणशीर उतरणारा असेल तर १० लाखांचा प्रश्न राहतो. नसेल तर मुदत संपण्याच्या आदल्या महिन्यातही पूर्ण २५ लाखांची नोटीस येऊ शकते. न्यायालय ती रक्कम कमी करील, अशी आशा बाळगता येते, पण त्यासाठी खटला लढवावा लागतो, आणि खटला चालू असलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसलेला असतो. तिसरे म्हणजे, नोकरी मुलाने सोडली नसून क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र गेल्याने, तपासणीत अनुत्तीर्ण झाल्याने किंवा कंपनीने कपात केल्याने संपली, तर बाँड लागू होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. करारात याविषयी मौन असेल तर पुढे वाद होतो.

आता जामिनाविषयी, कारण पत्रातली खरी धोक्याची गोष्ट ही आहे. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कंपनीला आधी मुलाकडून वसुलीचा प्रयत्न करण्याची गरज नाही, ती थेट आपल्या दारी येऊ शकते. कोरे धनादेश तर देऊच नयेत. स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा धनादेश दुसऱ्याने भरला तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे गृहीतक धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि तो न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (धनादेशांविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. दिवाणी हिशेबाचा वाद अशा रीतीने फौजदारी न्यायालयात जातो. कंपनी धनादेशांवर अडूनच बसली तर रक्कम व कारण लिहिलेला एकच धनादेश द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि दरवर्षी तो कमी रकमेचा बदलून मिळेल, अशी अट घालावी. मूळ लायसन्स आणि लॉगबुक कोणाच्याही ताब्यात ठेवू नये. (नोटरीचा शिक्का बसला की करार लोखंडी झाला, हा आपल्याकडचा जुना समज आहे, नोटरी सही कोणाची ते सांगतो, अट वाजवी आहे की नाही ते सांगत नाही.)

प्रश्न : मी ३ वर्षे सहवैमानिक म्हणून उडते आहे. दुसऱ्या कंपनीने ५ लाख रुपये जॉइनिंग बोनस आणि माझ्या सध्याच्या बाँडची उरलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवली आहे. बाँड भरला की मला लगेच जाता येईल ना? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. बाँड आणि नोटीसचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ मधील सुधारित नियमांप्रमाणे सहवैमानिकाला ६ महिन्यांची आणि कमांडरला (मुख्य वैमानिकाला) १ वर्षाची नोटीस द्यावी लागते. सध्याच्या कंपनीने ना-हरकत देऊन राजीनामा आधी स्वीकारला तरच हा काळ कमी होतो. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीसचा काळ पूर्ण न करता गेले, उड्डाणे रद्द झाली आणि कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. हे खटले ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे न्यायालयाने त्या सप्टेंबरमध्ये सांगितले. नव्या कंपनीला आपण हवे असाल तर ६ महिने थांबण्याची तिची तयारी असायला हवी, आणि ती ऑफर लेटरमध्ये दिसायला हवी.

बोनसकडे बक्षीस म्हणून पाहू नये. मुदत पूर्ण होईपर्यंत ती उचल असते. बोनस हा पगाराचाच भाग मानला जातो आणि मिळतानाच त्यावर कर कापला जातो. आपण ३० टक्क्यांच्या पायरीवर असाल तर ५ लाखांपैकी हातात सुमारे साडेतीन लाख येतील. परतफेडीच्या कलमात मात्र बहुतेक वेळा पूर्ण ५ लाखांचा आकडा असतो, आणि दीड वर्षाने नोकरी सोडावी लागली तर जे पैसे आपल्या हातात कधी आलेच नाहीत तेही परत करावे लागतात. भरलेला कर मागील वर्षाचा असल्याने त्याचा परतावा मिळवणे किचकट जाते. परतफेड प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेची आणि महिन्यागणिक उतरती असावी, एवढी एक ओळ मिळाली तर बोनसचा आकडा थोडा कमी झाला तरी चालेल. जुना बाँड नव्या कंपनीने परस्पर भरला तर ती रक्कमही आपल्या उत्पन्नात करपात्र लाभ म्हणून मोजली जाईल, आणि बहुधा त्या रकमेचा नवा बाँड आपल्याकडून लिहून घेतला जाईल, हेही गृहीत धरावे. जुन्या कंपनीने हिशेबात बाँडच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावला तर तो मान्य करू नये; अशा वसुलीवर हा कर लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक आहे.

प्रश्न : कंपनीच बंद पडली तर बाँडचे काय? — एक प्रशिक्षणार्थी, गोंदिया

उत्तर : मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हापासून हा प्रश्न अनेक जण विचारतात. या प्रक्रियेतील स्थगितीमुळे कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. कंपनीने इतरांकडून करायची वसुली थांबत नाही. म्हणून गप्प निघून जाऊ नये. पगार किती महिन्यांचा थकला आणि उड्डाणे कधीपासून मिळालेली नाहीत ते तारखांसह लिहून, करार कंपनीने मोडला म्हणून आपण नोकरी सोडत आहोत, असा राजीनामा द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि थकलेल्या पगाराचा दावा मुदतीत समाधान व्यावसायिकाकडे (दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या नियुक्त व्यक्तीकडे) दाखल करावा.