हात कानाशी म्हणजे मोबाईलच असं नाही

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोबाईल वापरल्याचं चलन, फोटोत उजवा हात कानाशी, मोबाईल कुठेच दिसत नाही, तुम्ही म्हणताय की कानामागे खाजवत होतो. नऊ दिवस झालेत आणि घरचे म्हणतात भरून टाक, कशाला डोक्याला ताप. माझ्या बाबतीत जवळजवळ असंच झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. चलन कुठे बघायचं, फोटो कसा उघडायचा हे तुम्हाला जमलेलं आहेच, त्यात वेळ घालवत नाही.

मी दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावते. तळेगावहून पनवेलला आईकडे महिन्यातून दोनतीनदा जाणं असतं, गाडी मीच चालवते. बोगद्यात शिरलं की ट्रकचा आवाज मशीनमधून अक्षरशः अंगावर येतो, म्हणून बोगदा जवळ आला की कानामागचं बटण दाबून आवाज कमी करायची मला सवय आहे. दोन सेकंदांचं काम. नेमका त्याच वेळचा फोटो निघाला. बोटं कानामागे, कोपर वर. माझा मोबाईल तेव्हा पर्समध्ये होता आणि पर्स मागच्या सीटवर.

आता माझी चूक सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं. गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या एजंटने नोंदणीच्या अर्जावर माझ्याऐवजी स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. ओटीपी पटकन मिळावा म्हणून ते सर्रास असं करतात. आरसी हातात आली, नाव-पत्ता बरोबर आहे बघितलं आणि कपाटात ठेवली. नंबर कुणाचा लागलाय हे तपासलंच नाही. त्यामुळे चलनाचा मेसेज त्या एजंटला गेला, तोवर तो ती नोकरीही सोडून गेला होता. मला कळलं साडेचार महिन्यांनी, नाक्यावर हवालदाराने गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला तेव्हा.

माझ्या गाडीत आतली बाजूही टिपणारा डॅशकॅम, म्हणजे काचेजवळ लावलेला छोटा कॅमेरा आहे. त्यात माझे हात, माझा कान, सगळं येतं. पण कार्ड भरलं की तो जुनं पुसून नवं भरत जातो, माझ्याकडे फार तर चार दिवसांचं राहतं. साडेचार महिन्यांनी काय उरणार? निर्दोष असल्याचा एकमेव पुरावा माझ्याच गाडीत होता आणि मला पत्ताच नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं, दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त.

मग कार्यालयाच्या फेऱ्या. कुठलं ते लिहीत नाही. वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार टाकली होती, तिचं उत्तर एका ओळीत आलं: फोटोत उल्लंघन दिसत आहे. म्हणून प्रत्यक्ष गेले. पहिल्या खिडकीवर सांगितलं, हे आमच्याकडे नाही, आरटीओत जा. आरटीओत म्हणाले, चलन आम्ही फाडलेलं नाही, जिथून आलात तिथेच जा. तिसऱ्या खेपेला कानाच्या डॉक्टरांचं पत्र आणि त्या दिवसाची कॉलची यादी घेऊन गेले. त्या वेळी एकही कॉल नव्हता. उत्तर मिळालं, व्हॉट्सॲपवर बोलत असाल. डॉक्टरांचं पत्र घेतलंसुद्धा नाही, पोच देणं तर लांबच. आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न: मॅडम, गाडी मिस्टर चालवत होते का? फोटोत मी स्पष्ट दिसतेय हो! चौथ्या खेपेला मी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे बघा, हा माझा मोबाईल. साहेब बघतच नव्हते, संगणकाकडे तोंड करून म्हणाले, सिस्टीमने पकडलंय, आम्ही काही करू शकत नाही.

सिस्टीम काय पकडते ते मी नंतर समजून घेतलं. तुम्हालाही म्हणणं मांडताना उपयोग होईल. कॅमेरा उंचावरून, तिरका, काचेतून आत बघतो. रात्री इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, तो आपल्याला दिसत नाही. काचेवरची चमक कमी करायला फिल्टर असतो. मग सॉफ्टवेअर हजारो फोटोंवरून शिकलेल्या आकारांशी ताडून बघतं. कानाशी मुडपलेला हात आणि वर आलेलं कोपर हा आकार बहुतेक वेळा फोनचाच असतो, म्हणून ते फोन म्हणतं. म्हणजे तो अंदाज आहे, साक्ष नव्हे. त्यापुढे माणसाने डोळे उघडे ठेवून फोटो बघायला हवा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने मोबाईल पकडणारे कॅमेरे डिसेंबर २०१९ मध्ये लावले, पहिले तीन महिने नुसती ताकीदपत्रं पाठवली, दंड मार्च २०२० पासून. सॉफ्टवेअरने निवडलेला फोटो तिथे माणूस तपासतो. तरी माणूसही चुकतो. नेदरलँड्समध्ये डोकं खाजवणाऱ्या एकाला ३८० युरोंचा दंड लागला होता, तोही माणसाच्या नजरेखालून गेलेला फोटो.

गैरसमज नको, मी कॅमेऱ्यांच्या विरोधात अजिबात नाही. माझ्या मावसभावाला टेम्पोने मागून उडवलं, चालक फोनवर बोलत होता. भावाचा पाय अजून सरळ होत नाही. जुलै २०२४ मध्ये एक्स्प्रेसवेवर ही यंत्रणा सुरू झाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. पण यंत्र लावलं तर त्याच्या चुका ऐकून घेणारा माणूसही बसवायला हवा, या मताशी मी ठाम आहे.

आता तुमचं. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तेव्हा आजचा नियम स्वतः वाचा किंवा जाणकाराला विचारा. भरून टाकू नका असं माझं मत. भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं. मोबाईल हा साध्या पार्किंगसारखा विषय नाही, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात येतो. तीन वर्षांत तसाच दुसरा गुन्हा नोंदला तर शिक्षा बरीच वाढते. तुम्ही रोज त्या रस्त्याने जाता, हे ध्यानात ठेवा.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला, तो जरूर वाचा. तो आला तेव्हा त्यात नोटीस १५ दिवसांत पाठवायची, उल्लंघन आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो द्यायचा, उपकरणाचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवं करायचं, असं म्हटलं होतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. मला हे सगळं उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच तक्रारीत लिहा: फोटोत मोबाईल दिसत नाही, मूळ फोटो पूर्ण आकारात द्या, प्रमाणपत्र द्या. तोंडी काही सांगू नका, अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मी लोकअदालतीत तडजोड करून शेवटी पैसे भरले, कारण हातात कागद नव्हता.

जाता जाता, व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाईल आली तर उघडू नका, शेजारच्या काकांचं खातं त्यातच रिकामं झालं. आणि गाडी चालवताना फोनवर फक्त रस्ता बघायला, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, ऑक्टोबर २०२० पासून परवानगी आहे, बोलायला नाही. काहीजण इथे दोन्हींची गल्लत करतात.

गाडीच्या नोंदीत नंबर कुणाचा आहे तेही आजच परिवहनच्या साईटवर बघा. बदलायला चॅसी आणि इंजिन नंबर लागतो, आधारवरचं नाव आरसीशी जुळायला हवं. पण त्याआधी खाली जा आणि डॅशकॅमचं कार्ड काढा. नऊ दिवस झालेत, मोठं कार्ड असेल तर अजून असेल. गाडी परत चालू करू नका, आधी कार्ड काढा.