घडीत बसवा चेहरे : वाचकांचे प्रश्न, कागदकामाची उत्तरं

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा गिरणीच्या ओळखपत्रावरचा फोटो घरात आहे. पासपोर्ट आकाराचा, खांद्यावर गिरणीचा अर्धा शिक्का उमटलेला. त्यात ते पंचविशीचे आहेत. माझा मुलगा आता त्याच वयाचा झालाय आणि जो तो म्हणतो, हुबेहूब आजोबा! एका बाजूने पाहिलं की एक चेहरा, दुसरीकडून दुसरा, असं घड्यांचं चित्र मी पाहिलं होतं. ते घरी जमेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : जमेल ताई, आणि जरूर करा. पट्ट्यांची अशी दुहेरी चित्रं युरोपात काही शतकांपूर्वीपासून होत आली आहेत. विसाव्या शतकात इस्रायली कलावंत याकोव्ह अगम यांनी ही रीत इतकी गाजवली की आता त्यांच्याच नावावरून तिला अगमोग्राफ म्हणतात. सामान मात्र साधं लागतं: कार्डशीट, कटर, स्टीलची पट्टी आणि ग्लूस्टिक.

मूळ फोटोला हात लावायचा नाही. त्याची फक्त प्रत घ्यायची. फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि चित्र होणार 20 सेंटिमीटरचं, म्हणून दुकानात स्कॅन 1200 डीपीआयला (म्हणजे दर इंचात 1200 ठिपके) करून मागा. नेहमीच्या 300 डीपीआयला केलात तर मोठं करताना चेहरा फुटेल. फाइल व्हॉट्सॲपवर मागवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवली की बारकावे जातात. आणि तो शिक्का पुसून ‘साफ’ करून देतो असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका. सासऱ्यांची नोकरी त्या शिक्क्यात आहे.

आता खरं काम मापाचं. दोन्ही फोटो 20 बाय 25 सेंटिमीटरचे, ए-फोर कागदावर छापून घ्यायचे. प्रत्येकाच्या 2 सेंटिमीटरच्या उभ्या 10 पट्ट्या होतील. काप कुठे पडतो यावर सगळं चित्र अवलंबून आहे. बुबुळावर काप आला की नजर मेली. म्हणून छापण्याआधी दोन्ही चेहरे असे लहानमोठे करा की दोन बुबुळांमधलं अंतर नेमकं 6 सेंटिमीटर येईल. 6 ला 2 ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एक बुबुळ पट्टीच्या मधोमध आणलं की दुसरंही आपोआप मधोमध येतं. शिवाय खऱ्या माणसाच्या बुबुळांमध्ये साधारण एवढंच अंतर असतं, म्हणजे चेहरा जवळजवळ जिवंत मापाचा होतो. नाकावर काप येईल, पण तो खटकत नाही. दोघांचे डोळे कागदाच्या वरच्या कडेपासून एकाच उंचीवर हवेत, एवढं मात्र पाहा. मुलाचा फोटो समोरून, साध्या भिंतीपुढे, आजोबांसारखाच सरळ बसवून काढा.

कापण्याआधी मागून पेन्सिलीने आकडे घाला: आजोबांचे क1 ते क10, नातवाचे ख1 ते ख10. ए-थ्री मापाच्या कार्डशीटवर दर 2 सेंटिमीटरला रेघ मारा, 20 घरं झाली की पुरे. रेघांवर आधी घड्या घालून घ्या, एक वर, एक खाली, पंख्यासारख्या. मग कागद उघडून क1, ख1, क2, ख2 अशा ओळीने पट्ट्या चिकटवा. प्रत्येक पट्टीच्या कडा केसभर छाटून ती घडीच्या रेघेपासून आत राहू द्या, नाहीतर घडी मिटताना कड उचलते.

शेवटी या घड्या जाड पुठ्ठ्यावर पक्क्या करायच्या. प्रत्येक घडी काटकोनात ठेवली की 40 सेंटिमीटरचा कागद 28 सेंटिमीटरच्या जरासा वर येऊन बसतो. हे माप सोडू नका. काटकोन असला तरच 45 अंशांतून पाहताना एक चेहरा सलग दिसतो आणि दुसरा पूर्ण लपतो. समोर उभं राहिलं की दोघे एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तेच दिसतं. म्हणून हे चित्र पॅसेजच्या लांब भिंतीवर लावा, जिथून माणूस चालत जाईल.

प्रश्न : मी कॉम्प्युटरवरच दोन फोटोंच्या पट्ट्या जुळवून एकाच ग्लॉसी कागदावर प्रिंट काढली. घडी घातली तिथे पांढऱ्या चिरा पडल्या. काय चुकलं?
— एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : कागद चुकला, बाकी तुमची युक्ती छान आहे. ग्लॉसी फोटोपेपरवरचा चकचकीत थर वाकत नाही, तडकतो. लेझर प्रिंटची शाईही कागदावर थर धरून बसते, तीही जाड कागदाच्या घडीवर उडते. 120 ते 160 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅट कागद घ्या. मुंबईतल्या कागद-स्टेशनरीच्या बाजारात, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला गेलात तर हातात घेऊन निवडता येईल. हातात घेऊनच निवडा, कारण कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. ताव दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहायचा, ज्या दिशेला तो निमूट वाकतो तिकडेच घड्या यायला हव्यात. आडव्या ग्रेनवर कितीही जपून घडी घातली तरी तिची कड खरखरीत होते.

आणि नुसत्या बोटांनी घडी घालू नका. रिफिल संपलेलं बॉलपेन स्टीलच्या पट्टीला लावून आधी रेघ दाबून घ्या. वर येणारी घडी पुढून दाबायची, आत जाणारी मागून. मागच्या रेघा चुकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना टाचणीने बारीक भोक पाडून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात माझं घड्यांचं चित्र फुगून सैल पडलं. फ्रेम केली तर टिकेल का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : टिकेल. फक्त फ्रेम खोल हवी. 2 सेंटिमीटरची घडी काटकोनात साधारण 1.4 सेंटिमीटर पुढे येते, म्हणजे आत निदान 2 सेंटिमीटर जागा ठेवा. काच चित्राला टेकली की दमट हवेत ती चिकटते. चिकटवायला पातळ पांढरा गोंद वापरला असेल तर पुढच्या वेळी ग्लूस्टिक घ्या. गोंदातलं पाणी कागद पितो आणि मग वाकतो. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र ते लावू नका. आत्ताचं चित्र ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात खोलीतच, सावलीत कोरडं होऊ द्या, घड्या पुन्हा दाबा आणि मगच काचेआड बंद करा.