लेझर-बलून कॅथेटरसाठी बाजारातले तयार कनेक्टर चालतील का?

आपला प्रश्न असा आहे की, एकाच कॅथेटरमध्ये (रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळीत) लेझरचा फायबर आणि फुगवायचा बलून असे दोन्ही असतील, तर फायबरच्या टोकाला एसएमए-९०५ (फायबर जोडायचा प्रमाणित स्क्रू-कनेक्टर) आणि बलूनच्या वाटेला साधे ल्युअर लॉक (सिरिंज फिरवून बसवायची जोडणी) लावून काम भागेल का. प्रयोगशाळेतील नमुन्यापुरते भागेल. रुग्णासाठी वापरायच्या उपकरणात भागणार नाही, असे अशा कनेक्टरांवर काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. बलूनच्या वाटेने जाणारा द्रव हाच प्रकाशाच्या वाटेचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि रचनेचे बहुतेक निर्णय यातूनच ठरतात.

बलून सहसा कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारा द्रव) आणि सलाइन यांच्या मिश्रणाने फुगवतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरला जाणारा एक्सायमर लेझर ३०८ नॅनोमीटरचा असतो आणि कॉन्ट्रास्ट हा प्रकाश इतका शोषून घेते, की लेझर चालवण्यापूर्वी ते रक्तवाहिनीतून सलाइनने धुऊन काढावे लागते. तेच कॉन्ट्रास्ट ओल्या हातमोज्यावरून कनेक्टरला लागून फायबरच्या टोकावर सुकले, तर ऊर्जा पुढे न जाता तिथेच उष्णतेत बदलते आणि टोक जळते. म्हणून फायबरची शेपटी बलूनच्या हबपासून (शरीराबाहेरच्या, ल्युअर असलेल्या तोंडापासून) वेगळी आणि पुरेशी लांब काढावी, आणि तिच्या तोंडावरची टोपी कन्सोलला (लेझरच्या यंत्राला) जोडण्याच्या क्षणापर्यंत जागेवर राहील अशी ठेवावी. (अनियमित हृदयस्पंदनावरील उपचाराच्या ९८० नॅनोमीटरच्या लेझर बलूनमध्ये तर साधे पाणी हा प्रकाश शोषते म्हणून जड पाणी भरतात.)

आमच्या सुरुवातीच्या एका नमुन्यात फायबर फेरूलच्या (कनेक्टरमधील फायबर धरणाऱ्या नळीच्या) तोंडापर्यंत इपॉक्सीने चिकटवला होता. फोकस किंचित सरकला की फायबरच्या गाभ्यात न शिरलेला प्रकाश इपॉक्सीवर पडे, ती जळे आणि धुराचा थर बसून टोकही निकामी होई. पुढे आम्ही टोकाभोवती हवेची पोकळी ठेवली आणि चिकटवण्याची जागा बरीच मागे नेली. तेव्हापासून तो दोष पुन्हा दिसला नाही. एसएमएची दुसरी उणीव म्हणजे त्यात कोणताही फायबर बसतो आणि तो पूर्ण बसला की नाही हे कन्सोलला कळत नाही. कॅथेटरची ओळख व ऊर्जेची मर्यादा सांगणारी चिप आणि कनेक्टर नीट बसल्याशिवाय लेझर सुरू होऊ न देणारा इंटरलॉक, हे दोन्ही मी अनिवार्य मानतो.

ल्युअरच्या बाबतीत आयएसओ ८०३६९-७ हे आंतरराष्ट्रीय मानक पाळणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्यातील ६ टक्क्यांचा टेपर (निमुळतेपणा) सर्वत्र जुळतो. मात्र गळतीची चाचणी सुमारे ३०० किलोपास्कलला, म्हणजे जेमतेम ३ वातावरण दाबाला होते, तर हृदयातील बलून १० ते २० वातावरण दाबापर्यंत फुगवतात. त्यामुळे आपल्या बलूनच्या कमाल दाबाला स्वतंत्र चाचणी घ्यावी, आणि हब पॉलिकार्बोनेटचा असेल तर ती अल्कोहोलने पुसून व घट्ट आवळून पुन्हा घ्यावी, कारण ताणाखालचे पॉलिकार्बोनेट अल्कोहोलने तडकते.

रेखाटन पक्के करण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा: कॅथ लॅबमधील अनुभवी परिचारिकेला दुहेरी हातमोजे घालून, ते कॉन्ट्रास्टमध्ये भिजवून, मंद उजेडात हे दोन्ही कनेक्टर काहीही न सांगता जोडायला द्यावेत आणि नंतर फायबरचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.