गोधडी मशीनवर घातली की मागून चुण्या का पडतात?

प्रश्न : ताई, आईच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन जोडून सात बाय पाच फुटांची गोधडी करतेय. मधे जुनी चादर, खाली आईचीच एक नरम साडी. घरच्या मोटरवाल्या मशीनवर शिवायला घेतली तर वरून झकास दिसते आणि उलटी केली की चुण्याच चुण्या. तीन ओळी दोनदोनदा उसवल्या. मशीन बिघडलीय की माझाच हात खराब आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : मशीन बरी आहे आणि हातही बरा आहे. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत पण थर तात्पुरते एकत्र धरणाऱ्या कच्च्या टाक्यांबद्दल चकार शब्द नाही, तिथेच मला शंका आली. मागच्या चुण्या मशीनवर पडतात असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्या जमिनीवरच पडून झालेल्या असतात, खालची साडी नीट ताणून न घेतल्यामुळे. त्यात धुऊन धुऊन नरम झालेली साडी म्हणजे जिकडे ओढाल तिकडे जाणार.

तर पुन्हा जमिनीवर बसा. फरशी पुसून साडी उलटी अंथरा, सगळ्या कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताठ हवी पण तबल्यासारखी नको, फार ताणली तर पट्टी काढल्यावर आखडते आणि परत चुण्या. वर चादर, तिच्यावर तुमचे चौकोन, दर वेळी तळहाताने मधून बाहेर सपाट करत. मग मधूनच सुरुवात करून मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. चार इंचांचा हिशोब धरला तर एवढ्या गोधडीला तीनशेच्या वर पिना लागतात, हो तीनशे, मी पण पहिल्यांदा चाळीसात भागवलं होतं आणि नंतर दोन दिवस उसवत बसले. पिना नसतील तर हाताने लांब कच्चे टाके घाला, दोरा भडक रंगाचा घ्या म्हणजे काढताना दिसतो.

आता मशीनचं. सुईखालचे दाते खालचं कापड मागे नेतात आणि वरून फूट, म्हणजे सुईजवळचा दाबपाय, कापड दाबून धरतं, म्हणून वरचा थर मागे पडतो आणि फुटाच्या पुढे कापडाची लाट जमते, आडव्या ओळीपाशी पोचलात की तीच लाट चुणी होऊन बसते. वॉकिंग फूट मिळालं तर घ्याच, त्याला वरूनही दाते असतात, तिन्ही थर एकत्र सरकतात. त्याचा छोटा दांडा सुईच्या स्क्रूवर बसवायचा असतो, तो बाजूला राहिला तर ते फूट नुसतं शोभेचं. नाही मिळालं तर फुटाचा दाब थोडा सैल करा, टाका तीन-साडेतीन मिलिमीटर ठेवा, सुई १६ नंबरची, आणि हळू चालवा.

पहिली ओळ बरोब्बर मधे, लांबीच्या दिशेने. मग मधून उजव्या कडेपर्यंत, गोधडी फिरवून दुसरी बाजू. माझी आजी कडेने सुरू करून फिरत फिरत आत यायची, पण तिचा डावा हात सारखा खालून थर सारखे करत असायचा, मशीनला तो हात नाही. उजवीकडचा भाग गुंडाळी करून मशीनच्या पोटात घालायचा, घरच्या मशीनला तिथे सहा-सात इंचच जागा असते त्यामुळे गुंडाळी घट्ट हवी. आणि डावीकडे, मागे टेबल किंवा खुर्च्या लावा प्लीज. गोधडी खाली लोंबली की तिचं वजन सुईला ओढतं, टाके लहानमोठे येतात, नाहीतर सुई कट्कन मोडते.

प्रश्न : माझी काळी पायाची मशीन आहे, तिच्यावर वेलबुट्टी घालता येईल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : येते की! टाक्याची लांबी शून्यावर आणा, म्हणजे दाते वरखाली होतात पण कापड ओढत नाहीत, रफूचं फूट लावा आणि कापड दोन्ही हातांनी तुम्हीच फिरवा. हात भराभर आणि पाय हळू पडले तर टाके लांब येतात, उलट झालं तर एकाच जागी ढीग. आधी त्याच कापडांचा वीतभर तुकडा शिवून बघा. खाली दोऱ्यांचं जाळं झालं तर आधी फूट खाली केलंय का ते बघा, नव्वद टक्के वेळा ते वरच राहिलेलं असतं (माझं तरी). आणि चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, तेवढं पायाला सांगून ठेवा.

प्रश्न : गोधडीत सुती साडीबरोबर जॉर्जेट चालेल? – एक वाचक, इंदूर

उत्तर : वरच्या तुकड्यांत एखाददुसरा चालेल, खालच्या थराला नको, फार घसरते. सुती कापड आटतं आणि जॉर्जेट तसं आटत नाही, म्हणून सगळं आधी धुऊन घ्या. लाल-मरून साडी ओली करून पांढऱ्या रुमालाने पुसून बघा, रुमाल गुलाबी झाला तर ती साडी या गोधडीत नको.