माझी घरगुती रॉकेटं एकामागून एक पडतायत. हे अपयश तुम्ही कसं पचवता?

लागोपाठ तीन रॉकेटं नाकावर आपटली आणि आता चौथं हातात घ्यावंसं वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ‘प्रयत्न सोडू नका’ हे मी सांगणार नाही. नुसत्या जिद्दीने चौथंही तसंच आपटेल. रॉकेट पडलं याचं मला फारसं वाटत नाही, का पडलं ते कळलं नाही की झोप लागत नाही. कारण सापडलं की संध्याकाळपर्यंत हात पुन्हा शिवशिवायला लागतात.

म्हणून आधी अवशेष बघा. काहीही पुसायच्या आत फोटो काढा. नोज कोन, म्हणजे नाकाचा शंकू, नळीतच रुतून बसला असेल तर मोटरचं, म्हणजे इंधन भरलेल्या नळकांड्याचं, पुढचं टोक तपासा. ते बंद असेल तर इजेक्शन चार्ज, म्हणजे कोन ढकलून पॅराशूट बाहेर काढणारी दारू, पेटलाच नाही. उघडं आणि काळवंडलेलं असेल तर चार्ज पेटला, पण कोन फार घट्ट बसवला होता, किंवा मोटरचा विलंब (इंधन संपल्यापासून चार्ज पेटेपर्यंतचा वेळ) इतका जास्त की रॉकेट आपटल्यावरच चार्ज उडाला. कोन सुटलाय पण पॅराशूटची गुंडाळी तशीच, तर घडीचा दोष. प्लास्टिकच्या पॅराशूटवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि घडी उड्डाणाच्या तोंडावर घाला. आदल्या रात्री घातलेली घडी चिकटते. वितळून भोकं पडली असतील तर खालचा अग्निरोधक कागद कमी पडला. नळीचं तोंड दोरीने उभं चिरलं असेल तर पॅराशूट फार वेगात असताना उघडलं.

लोक उगाच मोटरला बोल लावतात. नाकावर आपटलेल्या रॉकेटात ती बिचारी बहुतेकदा आपलं काम करून मोकळी झालेली असते.

उड्डाणाच्या उभ्या रॉडवरून सुटताच रॉकेट गिरक्या घेत असेल तर गोष्ट वेगळी. मग गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट बोटावर तोलून राहतं तो बिंदू) दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका, आहे का ते बघा. मोटर आणि पॅराशूट भरून रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीला बांधा आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक, नाहीतर नाकात वजन घाला किंवा पंख मोठे करा. रॉबर्ट गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 रोजी उडवलेल्या पहिल्या द्रवइंधन रॉकेटात इंजिन वर आणि टाक्या खाली होत्या. इंजिन वर असलं की रॉकेट सरळ जातं, असा तेव्हा समज होता. तो चुकीचा निघाला आणि पुढे त्यांनी इंजिन खाली आणलं. ते पहिलं उड्डाण जेमतेम अडीच सेकंदांचं, 41 फुटांचं होतं.

कारण सापडलं की तेवढंच बदला. चिडून सगळं नव्याने बांधायला घेतलं की पुढचं रॉकेट नीट उडालं तरी कशामुळे उडालं ते कळत नाही. स्पेसएक्स कंपनीचं तिसरं ‘फाल्कन 1’ रॉकेट ऑगस्ट 2008 मध्ये पडलं, कारण टप्पे वेगळे होताना खालच्या इंजिनात थोडा जोर शिल्लक होता आणि तो टप्पा वरच्यावर जाऊन आदळला. त्यांनी इंजिन बंद होणं आणि टप्पे सुटणं यांतला वेळ वाढवला. 28 सप्टेंबरला चौथं कक्षेत पोचलं. मी तर प्रत्येक नळीवर मार्करने वजन, मोटर आणि विलंब लिहून ठेवतो. पडल्यावर आठवणीवर विसंबून भांडत बसायला नको.

एका बाबतीत मात्र ‘करून बघू’ चालणार नाही. इंधन घरी शिजवू नका, तयार मोटरच वापरा आणि तुमच्याकडचे स्फोटकांचे नियम आधी वाचा. बटण दाबूनही पेटलं नाही तर सुरक्षा किल्ली काढा आणि किमान 60 सेकंद जवळ जाऊ नका. बऱ्याचदा फक्त इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी तार, सैल असतो, पण ते लांबून कळत नाही.

अवशेष अजून फेकले नसतील तर नोज कोनचा आणि मोटरच्या पुढच्या टोकाचा फोटो टाका. विलंब किती सेकंदांचा होता तेही लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.