तीन पोट्टे आणि एक रिंग

या महिन्यात आलेल्या पत्रांत चार पत्रं बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमची आहेत. चारही आपल्याच भागातली, यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यातली. मी सत्तावीस वर्षं दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. गेम हा माझा विषय नव्हता. पत्रं वाचल्यावर एका माजी विद्यार्थ्याच्या घरी दोन संध्याकाळी बसून मी हे गेम स्वतः खेळून पाहिले, आणि मगच लिहायला बसलो.

प्रश्न : सर, नमस्कार. मी कोरडवाहू शेतकरी, सात एकर वावर. मुलगा नववीत आहे. दिवाळीत माझ्या साळ्यानं पुण्याहून त्याचं जुनं प्लेस्टेशन टू आणून दिलं. त्यात बास्केटबॉलचा एक गेम आहे, एनबीए स्ट्रीट व्हॉल्यूम टू. पोट्टा रोज तेच खेळते आणि म्हणते, ‘बाबा, मले आता बास्केटबॉल येते.’ शाळेच्या मैदानावर दोन रिंगा होत्या, एकीचा खांब वादळात पडला. याले खरंच येते का? हे यंत्र घरात ठेवू का परत देऊ?
(एक वडील, आर्णी तालुका)

उत्तर : भाऊ, अर्धं येतं. कोणतं अर्धं, ते नीट सांगतो.

एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी व्यावसायिक लीग, तिच्या नावाचा हा गेम 2003 सालचा, ईए कंपनीचा. एका बाजूला तीन गडी, दुसऱ्या बाजूला तीन. पंच नाही. आतून टाकलं की एक गुण, कमानीबाहेरून, म्हणजे रिंगभोवती आखलेल्या मोठ्या अर्धगोलाबाहेरून टाकलं की दोन, आणि सामना 21 गुणांचा. बॉल पायांखालून काढणं, समोरच्याला चकवून पाडणं, उडी मारून हवेतच पास झेलणं, अशा करामती केल्या की एक पट्टी भरत जाते. ती भरली की ‘गेमब्रेकर’ मिळतो. त्यात आपले गुण वाढतात आणि समोरच्याचे कमी होतात.

आता तुमच्या मुलाला काय आलं असेल ते सांगतो. मैदानावर नवीन पोरांचे डोळे बॉलवर खिळलेले असतात. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सगळे बघतात. बॉल नसलेला तिसरा गडी कुठे मोकळा उभा आहे, हे बघायला शिकवण्यात माझ्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षं गेली. गेममध्ये सगळं मैदान एका नजरेत दिसतं आणि तिसऱ्याला पास दिल्याशिवाय जमत नाही. ती नजर त्याला आली असणार. माझ्या त्या माजी विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ कधी मैदानावर उतरलेला नाही, पण कोणता गडी कधी मोकळा होणार हे तो मला आधीच सांगत होता. मी थक्क झालो. हे फुकट मिळालेलं शिक्षण आहे, त्याला कमी लेखू नका.

न आलेलं अर्धं हातात आणि पायात असतं. गेममध्ये आपटलेला बॉल दर वेळी तळहातावर परत येतो. आपल्या मुरमाच्या मैदानावर एखादा खडा मधे आला की बॉल कुठे जाईल सांगता येत नाही. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते. नववीतल्या पोराने हात वर केला तर तो साधारण दोन मीटरपर्यंत पोचतो. उरलेलं एक मीटर त्याला उडीने भरून काढावं लागेल, आणि बॉल वरून आत घालायचा तर त्याहूनही जास्त. गेममधले गडी रिंगच्याही वर जातात. ते बघून पोराला वाटतं, उडीच सगळं आहे. खरा खेळ नव्वद टक्के जमिनीवरच खेळला जातो.

परीक्षा तुम्ही स्वतः घ्या. संध्याकाळी वावरातून आल्यावर त्याला मैदानावर न्या. डाव्या हाताने बॉल आपटत राहायला सांगा. तुम्ही समोर उभे राहून बोटं दाखवा, कधी दोन, कधी चार. त्याने बॉलकडे न बघता बोटांचा आकडा सांगायचा. न चुकता पन्नास टप्पे झाले तर मला पुन्हा पत्र लिहा. पहिल्या दिवशी बहुतेक दहाच्या आत बॉल सुटेल. त्याला हसू नका. त्याच्या मनातलं चित्र आणि त्याचा हात पहिल्यांदाच एकमेकांना भेटताहेत.

आणि त्याला एक विचारा. या गेममध्ये रकर पार्क नावाचं एक मैदान आहे, ते खरं आहे हे त्याला माहीत आहे का? न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं ते मैदान आहे. होल्कम रकर नावाचा माणूस त्या शहराच्या उद्यान खात्यात मैदानं सांभाळायच्या कामावर होता. 1950 च्या सुमारास त्याने वस्तीतल्या गरीब पोरांसाठी स्पर्धा सुरू केली. नुसतं खेळवलं नाही, त्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवलं, खेळाच्या जोरावर कित्येकांना कॉलेजात पोचवलं. 1965 साली तो वारला. 1974 मध्ये त्या मैदानाला त्याचं नाव दिलं. तुमचा मुलगा गेममध्ये ज्युलियस अर्विंगला, म्हणजे अमेरिकेच्या ‘डॉक्टर जे’ नावाने गाजलेल्या खेळाडूला घेऊन खेळत असेल. तो खराखुरा अर्विंग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याच मैदानावर खेळायला यायचा, आणि त्याला बघायला लोक झाडांवर आणि छपरांवर चढायचे.

मला या रकरबद्दल फार वाटतं. माझ्याही मैदानावर दोन बॉल होते आणि त्यातल्या एकाची हवा रोज जायची. तुमच्या मुलाच्या टीव्हीवर जे झगमगतं ते मुळात अशाच एका मैदानावरून आलेलं आहे. हे त्याला कळलं की गावातलं मैदान त्याला हलकं वाटणार नाही.

आता त्या पडलेल्या रिंगबद्दल. तिची वाट बघू नका. एकाच रिंगवर खेळायचा बास्केटबॉल आता जगभर खेळला जातो, त्याला थ्री बाय थ्री म्हणतात. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा खेळवला गेला. तीन गडी आणि एक राखीव. मैदान 15 मीटर रुंद, 11 मीटर लांब. दहा मिनिटं, किंवा आधी 21 गुण करेल तो जिंकला. आतून एक, कमानीबाहेरून दोन, गेमसारखंच. रिंगच्या बरोबर खाली खुंटी ठोका, पावणेसात मीटरची दोरी बांधा आणि दोरी ताणून फक्की मारत गोल फिरा, कमान तयार. समोरच्याने टाकलेला बॉल रिंगला लागून परत आला आणि आपण पकडला, तर आधी तो कमानीबाहेर न्यायचा आणि मगच टाकायचा. हा नियम मुलं विसरतात, पहिल्या दिवशीच सांगा.

मला हा खेळ आपल्या गावांसाठीच केल्यासारखा वाटतो, आणि त्याला एक कारण आहे. एका वर्षी तालुक्याच्या स्पर्धेसाठी माझा संघ तयार होता, राखीव धरून सात पोरं. आदल्या दिवशी संध्याकाळी एक जण सायकलवर घरी आला. म्हणाला, ‘सर, आपल्यातले चार जण कापसाले गेले.’ वेचणीचे दिवस होते, भाव बरा होता, मायबापाला हात हवे होते. पोरांचा काय दोष? तिघे उरले. पाचाशिवाय संघ उतरत नाही म्हणून आम्ही नाव मागे घेतलं. त्या तिघांनी दिवस मावळेपर्यंत शाळेच्या एका रिंगवर खेळून घेतलं. मी पायरीवर बसून बघत होतो. इतका चांगला खेळ त्यांनी त्याआधी कधी केला नव्हता. तेव्हा थ्री बाय थ्री आपल्याकडे असतं तर ते तिघे स्पर्धेत उतरले असते.

अंगणातला खेळ अंगणातच राहतो असं कोणी म्हणालं तर त्याला अमरावतीची आठवण करून द्या. 1914 साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती. तीही अंगणातलीच.

यंत्र परत देऊ नका. फक्त मैदानावर जाऊन आल्याशिवाय ते लावायचं नाही, एवढं ठरवा. आणि सोयाबीन वाळत घालायला लोक कोर्ट मागतील, ते द्या. ते पंधरा दिवस पोरांनी नुसता पासचा सराव करावा.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. भावाच्या लॅपटॉपवर जुना एनबीए जॅम आहे. मी खूप पुढे गेलो की कॉम्प्युटरचे सगळे बॉल पडतात आणि माझे सगळे चुकतात. हा गेम बेइमानी करते का? मित्र म्हणतात तुलेच खेळता येत नाही.
(दिग्रस)

उत्तर : बेटा, तुझं निरीक्षण बरोबर आहे. मित्रांना हे उत्तर वाचून दाखव.

एनबीए जॅम 1993 साली मिडवे कंपनीने नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला. मागे पडलेल्याला हात द्यायची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली आहे. सामना एकतर्फी झाला तर हरणारा निघून जातो. शेवटपर्यंत अटीतटीचा राहिला तर दोघंही खिशात पुन्हा नाणं शोधतात. घरच्या मशीनवरच्या जॅममध्ये ही मदत बंद करायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो शोध, बंद कर आणि मग खेळ.

आणखी एक खरी गोष्ट. हा गेम बनवणारे मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्स संघाचे चाहते. त्यांचा शिकागो बुल्स या प्रतिस्पर्धी संघावर राग होता. म्हणून पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात बुल्सचे शेवटच्या क्षणाचे बॉल चुकावेत असं त्यांनी गेममध्येच लिहून ठेवलं, आणि पुढे ते स्वतःच कबूल केलं. म्हणून पिस्टन्ससमोर असशील तेव्हा बुल्स घेऊ नकोस.

तुला उपयोगी पडेल अशी एक गोष्टही सांगतो. सलग तीन बास्केट केल्या की गेममधला गडी पेट घेतो, मग त्याचे बॉल सहसा चुकत नाहीत, हो ना? समोरच्याने बास्केट केली की ती आग विझते. खऱ्या मैदानावरही दोन-तीन बॉल लागोपाठ पडले की अंगात काहीतरी संचारतं, मी ते शंभरदा पाहिलंय. ते विझवायचं असेल तर घाई करू नकोस. बॉल हातात ठेव, दोन पास दे, हळूच एक बास्केट कर. घाबरून लांबून बॉल फेकणारा संघ समोरच्याच्या आगीत तेल ओततो.

प्रश्न : मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत दुपारभर गेम खेळतो. मैदानावर हाकलू का?
(एक आई, पुसद)

उत्तर : ताई, दुपारी नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्या उन्हात पोराला लू लागेल. दुपारी त्याला घरातच खेळू द्या, मधून उठवून पाणी प्यायला लावा. मैदानावर सकाळी सहाला नाहीतर दिवस मावळताना पाठवा.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. घरी भावासोबत मोबाईलवर रस्त्यावरच्या बास्केटबॉलचा गेम खेळते आणि त्याला हरवते. कॉलेजच्या संघात घेतलं, पण पहिल्याच सामन्यात पाच मिनिटांत तीन फाउल झाले आणि मला बसवलं. मैत्रिणी हसल्या. आता आई म्हणते, घरातच खेळ. मी काय करू?
(हिंगणघाट)

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. संघ सोडू नकोस. आईला हे उत्तर दाखव आणि माझा नमस्कार सांग.

तुझी चूक कुठे झाली ते मला पत्रावरूनच दिसतं. या गेमांमध्ये बॉल हिसकावायचं बटण दाबलं की हात पुढे जातो आणि अंगाला लागला तरी शिट्टी वाजत नाही. जॅममध्ये तर समोरच्याला ढकलून पाडता येतं. पंच पकडतो ते मुख्यतः रिंगकडे खाली येणारा बॉल अडवला तर. तुझ्या हाताला ती सवय लागली. मैदानावर तो हात समोरचीच्या मनगटावर पडला की फाउल. पाच-पाचच्या खेळात एकीचे पाच फाउल झाले की ती सामन्याबाहेर जाते. तुझे तीन झाल्यावर तुला बसवलं, ते तुला वाचवायलाच.

थ्री बाय थ्रीमध्ये फाउल मोजून एकटीला बाहेर काढत नाहीत. संघाचे मोजतात. सहाच्या पुढे गेले की प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे बॉल, आणि दहाव्यापासून फ्री थ्रोसोबत बॉलही त्यांनाच. म्हणजे तुझ्या एका हाताची किंमत तिघींना मोजावी लागते. सामना चालू असताना बाहेरून प्रशिक्षकाने काही सांगायलाही तिथे बंदी आहे, ठरवायचं ते तिघींनीच. आणि पाच-पाचला मुलींचा बॉल सहा नंबरचा, मुलांचा सात नंबरचा असतो. थ्री बाय थ्रीला दोघांनाही एकच बॉल, आकार सहाचा आणि वजन साताचं. भाऊ आणि तू एकाच बॉलवर सराव करू शकता.

तर असं कर. अंगणात भावाला बॉल देऊन समोर उभं कर. तुझे दोन्ही हात पाठीमागे ओढणीने बांधायला सांग, सैल गाठ मारून. आता फक्त पायांनी त्याला अडव. गुडघे वाकव, नजर त्याच्या कमरेवर ठेव. हात आणि डोळे फसवतात, पण कंबर जिकडे वळते तिकडेच गडी जातो. पाय एकमेकांवर येऊ देऊ नकोस, सरकव. तो उजवीकडून निघाला की त्याच्या आधी तिथे पोच आणि छाती समोर आण. रोज वीस वेळा, आठ दिवस. मग ओढणी सोडून तेच कर, फक्त हात वर ठेव, खाली आणू नकोस. पुढचा सामना झाला की किती फाउल झाले ते मला लिही.